लाकडात शेती करणारे भुंगेरे : रानातले आणि मळ्यातले

उष्ण कटिबंधातील सदाहरित जंगलात एखादे जुने झाड उन्मळून पडले, की पहिल्या काही दिवसांतच त्याच्या खोडात शिरणाऱ्या जिवांमध्ये दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, तपकिरी-काळ्या रंगाच्या, दंडगोलाकार भुंगेऱ्यांचा क्रमांक फार वरचा असतो. तांदळात आणि गव्हात सापडणाऱ्या सोंड्यांचे हे जवळचे नातलग असून प्राणिशास्त्रात त्यांचा समावेश सोंड्यांच्याच कुलातील स्कोलिटिनी आणि प्लॅटिपोडिनी या दोन उपकुलांत केला जातो. पहिल्या उपकुलात जगभरातील सुमारे ६,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत, तर दुसऱ्यात सुमारे १,४०० जाती असून त्यांपैकी बहुतेक उष्ण प्रदेशातील आहेत. या सर्वांना ढोबळमानाने ‘साल पोखरणारे भुंगेरे’ म्हटले जाते; मात्र उष्ण प्रदेशातील त्यांच्या फार मोठ्या गटाला सालीशी फारसे कर्तव्य नसते, आणि जंगलापासून शेतापर्यंत त्यांच्या विविधतेत होणारे बदल समजून घ्यायचे तर हा भेद आधी लक्षात घ्यावा लागतो.

झाडाच्या बाहेरच्या कोरड्या सालीखाली एक मऊ, ओलसर थर असतो. पानांत तयार झालेली साखर याच थरातून मुळांकडे वाहत जाते आणि वनस्पतिशास्त्रात त्याला परिकाष्ठ म्हणतात. खऱ्या अर्थाने सालीत राहणारे भुंगेरे हा थर खाऊन जगतात. मादी सालीखाली बोगदा खणून अंडी घालते आणि अळ्या त्या बोगद्यापासून आडव्या दिशेने खात खात आपापल्या वाटा कोरतात. दुसरा गट मात्र साल ओलांडून सरळ लाकडात शिरतो. लाकूड हे अतिशय निकृष्ट अन्न आहे, त्यात नत्र नगण्य असते आणि त्यातील तंतू पचवणे बहुतेक कीटकांना जमत नाही. म्हणून या गटातील भुंगेरे लाकूड खातच नाहीत, तर लाकडात खणलेल्या बोगद्यांच्या भिंतींवर बुरशी पिकवतात आणि त्या बुरशीवर स्वतःची व पिल्लांची गुजराण करतात. बोगद्यांतील हा पांढुरका थर ऑस्ट्रियातील जोसेफ श्मिडबर्गर यांनी १८३६ साली टिपला आणि त्याला ‘अँब्रोशिया’ असे नाव दिले. तो थर म्हणजे बुरशी असल्याचे थिओडोर हार्टिग यांनी १८४४ मध्ये दाखवले. तेव्हापासून या भुंगेऱ्यांना अँब्रोशिया भुंगेरे म्हटले जाते.

या शेतीची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मादीच्या शरीरात, जातीनुसार जबड्यांच्या बुडाशी, पाठीच्या कवचाखाली किंवा पंखांच्या मुळाशी, एक सूक्ष्म पिशवी असते आणि जन्मघर सोडताना ती या पिशवीत बुरशीचे बीजाणू घेऊन निघते. घरातले विरजण दुसऱ्या घरी न्यावे तशी ही बुरशी पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे जाते. नव्या झाडाच्या लाकडात एक-दोन मिलिमीटर व्यासाचा बोगदा खणून मादी त्याच्या भिंतींवर बुरशी लावते, ती रुजल्यावरच अंडी घालते आणि पुढे बोगद्याच्या तोंडाशी बसून पहारा देते. युरोपात आणि अन्यत्र आढळणाऱ्या झायलेबोरिनस सॅक्सेसेनी या जातीच्या अभ्यासात असे दिसले, की अळ्यासुद्धा कामाला लागतात, भुशाच्या गोळ्या वळतात, आणि मोठ्या झालेल्या मुली काही काळ घरातच राहून बुरशीची मशागत व बोगद्यांची साफसफाई करतात. ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या जिवंत झाडांत राहणाऱ्या ऑस्ट्रोप्लॅटिपस इनकॉम्पर्टस या जातीत तर मधमाश्यांप्रमाणे प्रजनन करणारी एकच मादी आणि अपत्यहीन राहून काम करणाऱ्या तिच्या मुली अशी पूर्ण समाजव्यवस्था आढळते. भुंगेऱ्यांच्या इतिहासात बुरशी पिकवण्याची ही पद्धत वेगवेगळ्या वंशांत दहाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदयाला आली आहे. माणसाच्या शेतीचे वय दहा-बारा हजार वर्षांचे असताना यांच्या शेतीचे वय कोट्यवधी वर्षांत मोजावे लागते, ही गोष्ट विस्मयकारक आहे.

भुंगेऱ्याचे अन्न झाड नसून बुरशी आहे, यातून विविधतेचा एक मोठा नियम निघतो. समशीतोष्ण प्रदेशातील सूचिपर्णी जंगलांत मैलोगणती एकाच जातीचे वृक्ष उभे असतात आणि तेथील सालीतील भुंगेरे त्या-त्या वृक्षाच्या राळेशी व विषारी द्रव्यांशी जुळवून घेत एकेका वृक्षगटाशी बांधले गेलेले असतात. युरोपातील स्प्रूस वृक्षांचा किंवा कॅनडातील पाइन वृक्षांचा प्रचंड विध्वंस करणारे भुंगेरे याच प्रकारातले आहेत. विषुववृत्ताजवळ परिस्थिती उलटी असते. मलेशियातील पासो येथील वनसंशोधन क्षेत्रात अवघ्या ५० हेक्टरांत आठशेहून अधिक जातींची झाडे मोजली गेली आहेत, म्हणजे एका जातीचे दोन वृक्ष शेजारी-शेजारी सापडण्याची शक्यता तेथे कमीच. अशा जंगलात नुकतेच मेलेले, नेमक्या जातीचे आणि नेमक्या अवस्थेतील झाड शोधत बसणाऱ्या कीटकाचा निभाव लागणे अवघड असते. बुरशी पिकवणाऱ्याला मात्र लाकूड ओले आणि ताजे असले की पुरते, ते कोणत्या झाडाचे आहे हे त्याच्या दृष्टीने जवळजवळ गौण असते. रॉजर बीव्हर यांनी १९७९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशांतील या भुंगेऱ्यांची तुलना करून हीच गोष्ट मांडली, आणि उष्ण प्रदेशातील कीटक एकेका वनस्पतीशी अधिक घट्ट बांधलेले असतात या रूढ समजुतीला तिने चांगलाच धक्का दिला.

पापुआ न्यू गिनीच्या सखल वर्षावनांत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने याला पुढची जोड दिली. व्होइतेख नोव्होत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७५,००० चौरस किलोमीटरच्या सलग जंगलातून सुरवंट, फळमाश्या आणि अँब्रोशिया भुंगेरे मिळून सुमारे ५०० जातींची पाहणी केली, तेव्हा शेकडो किलोमीटर अंतर ओलांडूनही कीटकांचा समूह फारसा बदलत नाही, असे आढळले. एका ठिकाणी भरपूर जाती आणि दुसऱ्या ठिकाणी बहुतांशी त्याच जाती, असे हे चित्र आहे. म्हणून या भुंगेऱ्यांची विविधता समजून घेताना केवळ नकाशावरच्या अंतरापेक्षा अधिवासाकडे, म्हणजे ओलावा, सावली, लाकडाची जाडी आणि त्याचा ताजेपणा यांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

यांपैकी ओलावा सर्वांत निर्णायक ठरतो. बुरशीला ओल लागते. लाकूड वाळले की बुरशी मरते आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अळ्याही उपाशी मरतात. त्यामुळे बारमाही पावसाच्या सदाहरित जंगलात बुरशी पिकवणाऱ्यांचे प्राबल्य असते, तर वर्षाचे सहा-सात महिने कोरड्या असणाऱ्या पानझडी जंगलात त्यांची लगबग पावसाळ्याभोवती केंद्रित होते आणि सालीत, डहाळ्यांत किंवा बियांत राहणाऱ्या जातींचे समूहातील महत्त्व वाढते. एकाच झाडावरही वाटण्या झालेल्या असतात : जाड खोडात प्लॅटिपोडिनी, मनगटाएवढ्या फांदीत दुसऱ्या जाती, आणि पेन्सिलीएवढ्या डहाळीत हायपोथेनिमस वंशातील एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचे इवले भुंगेरे. कोकोट्रायपीस वंशातील भुंगेरे तर लाकूड सोडून बियांकडेच वळले आहेत. ताडवर्गातील वृक्षांच्या टणक बिया ही त्यांची आवडती जागा असून साठवलेल्या सुपारीला लागणारी कीडही याच वंशातली आहे, हे कोकण-गोव्यातील बागायतदारांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वंशातील कोकोट्रायपीस ऱ्हायझोफोरी ही जाती कांदळवनात झाडालाच लोंबकळत रुजणारे कोंब आणि कोवळी रोपे पोखरते. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील अभ्यासात असे दिसले, की दाट सावलीतील रोपांचा ती फडशा पाडते, परंतु वीज पडून वगैरे कांदळवनात जेथे उजेडाची मोकळी जागा तयार झालेली असते तेथील रोपे बरीचशी वाचतात. कांदळवनात नवी पिढी कोठे उभी राहील, हे ठरवण्यात अशा प्रकारे दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचाही हात असतो.

जंगल तोडून तेथे रबर, कॉफी, चहा, कोको किंवा फळबागा लावल्या, की काय होते हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. हे भुंगेरे शेतातून नाहीसे होत नाहीत. छाटलेल्या फांद्या, आजारी झाडे आणि तोडलेले ओंडके यांच्या रूपाने मळ्यांत त्यांना अन्न मिळतच राहते. परंतु विशिष्ट ओलावा, जुने जाड खोड किंवा विशिष्ट वृक्ष लागणाऱ्या जाती मागे पडतात आणि कोठेही जमवून घेणाऱ्या मोजक्या जाती बेसुमार वाढतात. झायलेबोरस अफिनिस, झायलेबोरस फेरुजिनियस, झायलोसँड्रस क्रॅसियस्क्युलस यांसारख्या जाती आज जवळजवळ सगळ्या उष्ण कटिबंधात आढळतात, त्या याच वर्गातल्या. त्यांच्या यशामागे प्रजननाची एक विलक्षण पद्धत आहे. झायलेबोरिनी या वंशसमूहात फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, नर मोजकेच असतात, त्यांना उडता येत नाही आणि बोगद्याच्या आतच त्यांचा आपल्या बहिणींशी समागम होतो. त्यामुळे घर सोडणारी प्रत्येक मादी आधीच फलित झालेली असते. एखादी मादी अफलित राहिली तरी ती आधी नर अंडी घालते आणि पुढे त्या मुलाशी समागम करून वसाहत उभी करू शकते. लाकडी खोक्यातून, पॅकिंगच्या फळीतून किंवा रोपाच्या खोडातून एकटी मादी परक्या देशात पोहोचली तरी तेथे नवी वसाहत वसू शकते, ती यामुळेच.

श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १८६९ पासून तांबेरा रोगाने कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाल्यावर डोंगरउतारांवर चहाची सलग लागवड झाली, आणि रानात विखुरलेल्या फांद्यांवर जगणाऱ्या एका भुंगेऱ्याला एकाच उंचीची, वरचेवर छाटली जाणारी, कोट्यवधी झुडपे मिळाली. बंदुकीच्या छऱ्याने पडावे तसे बारीक भोक पाडणारा हा ‘शॉट होल बोरर’ फांदीतील बोगद्यामुळे तिला इतकी कमकुवत करतो, की चहाची फांदी वाऱ्याने किंवा पाने खुडतानाही मोडते. दक्षिण भारतातील चहालाही त्याचा उपद्रव होतो. शंभरहून अधिक वर्षे हा एकच भुंगेरा मानला जात होता. पुढे जनुकीय तपासणीत दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या किमान चार जाती एका नावाखाली दडलेल्या असल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये चहावरील जातीला युवॉलेशिया पर्ब्रेविस, तर तिच्या जगभर पसरलेल्या बहिणीला युवॉलेशिया फॉर्निकेटस ही नावे निश्चित झाली. ही दुसरी जाती २००३ मध्ये कॅलिफोर्नियात, २००९ मध्ये इस्राएलच्या ॲव्होकाडो बागांत आणि २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आढळली, आणि तेथील रस्त्याकडेच्या व बागांतील शेकडो जातींच्या झाडांवर तिने हल्ला चढवला. आग्नेय आशियातील आपल्या मूळ जंगलात हाच भुंगेरा वृक्षांची सरसकट कत्तल करत नाही. तेथे त्याच्या वाट्याला येणारी झाडे विखुरलेली असतात, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर जाती असतात, त्याचे शत्रू असतात, आणि झाडांनाही त्याच्या बुरशीचा परिचय युगानुयुगांचा असतो. एकाच जीवाची भूमिका अधिवासागणिक किती बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधणे कठीण आहे.

लॅटिन अमेरिकेतील कोकोच्या मळ्यांत झायलेबोरस फेरुजिनियस हा भुंगेरा सेराटोसिस्टिस बुरशीने आजारी पडलेल्या झाडात बोगदे खणतो आणि बाहेर टाकलेल्या भुशातून रोगाचे बीजाणू मळाभर पसरतात. कॉफीची कथा याहून निराळी आहे. कॉफीच्या बोंडात शिरणारा हायपोथेनिमस हॅम्पेई हा मूळचा आफ्रिकेतील भुंगेरा बुरशी न पिकवता बीच खातो, आणि इतर कीटकांना घातक ठरणारे कॅफीन त्याच्या आतड्यातील जिवाणू मोडून टाकतात. भारतात तो १९९० साली तमिळनाडूतील नीलगिरी जिल्ह्यात गुडलूर येथे प्रथम आढळला आणि तेथून वायनाड व कोडगूच्या मळ्यांत पसरला. जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची मादी बोंडाच्या टोकाकडून आत शिरते आणि तिची सगळी प्रजा बीच्या आतच वाढत असल्यामुळे फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. अशा वेळी मळ्याच्या आसपास काय उभे आहे, याला महत्त्व येते. कोस्टा रिकामध्ये डॅनियल कार्प आणि सहकाऱ्यांनी काही कॉफी झुडपांवर जाळ्या टाकून पक्ष्यांना दूर ठेवले, तेव्हा पक्षी येऊ शकत असलेल्या झुडपांवर भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव सुमारे निम्मा असल्याचे दिसले; पक्ष्यांच्या विष्ठेत भुंगेऱ्याची जनुके सापडली, आणि भुंगेरा खाणारे पक्षी रानाचे तुकडे शिल्लक असलेल्या मळ्यांत अधिक होते. मेक्सिकोतील सावलीच्या कॉफीत झाडांवर राहणाऱ्या मुंग्याही हेच काम करतात. सावलीची झाडे आणि मळ्याच्या कडेचे रान तोडून टाकणे म्हणजे फुकटात मिळणारी राखण गमावणे होय, असे या अभ्यासांवरून निःसंदिग्धपणे म्हणता येते.

महाराष्ट्रात या विषयाची झळ सर्वाधिक बसली आहे ती डाळिंबाला. सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांतील डाळिंब उत्पादकांना ‘शॉट होल बोरर’ किंवा ‘पिन होल बोरर’ ही नावे आता नवी राहिलेली नाहीत. खोडाच्या बुडाशी बारीक भोके आणि त्यांतून पडलेला पिठासारखा भुसा दिसला, की बागेत मर रोग येणार अशी धास्ती शेतकऱ्याला वाटते. मर रोगामागील प्रमुख बुरशी कोकोवरील बुरशीच्याच सेराटोसिस्टिस वंशातली आहे. ती मातीतून, पाण्यातून आणि रोगट रोपांतूनही पसरते, आणि भुंगेऱ्याने पाडलेल्या जखमा तिला आत शिरायला आणखी एक वाट करून देतात. येथे झाडाच्या अवस्थेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. भारी काळ्या जमिनीत अतिवृष्टीनंतर मुळांशी पाणी साचून राहिले, की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, झाडाच्या ऊतींत अल्कोहोल म्हणजे इथेनॉल तयार होते, आणि त्याचा वास हे अँब्रोशिया भुंगेऱ्यांसाठी दूरवरून मिळणारे आमंत्रण असते. हे इथेनॉल त्यांच्या बुरशीला पोषक आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर बुरशींना मारक ठरते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे भुंगेरा बहुधा आधीच कोलमडू लागलेल्या झाडाकडे येतो. खोडाला गेरूची पेस्ट लावणे, प्रादुर्भाव झालेल्या फांद्या व झाडे उपटून जाळणे हे उपाय आवश्यक आहेतच. पण पाण्याचा निचरा, झाडांमधील पुरेसे अंतर आणि हलक्या जमिनीची निवड या गोष्टी त्यांच्या आधी येतात, आणि डाळिंबाचे क्षेत्र झपाट्याने वाढत असताना त्यांच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले गेले नाही.

अल्कोहोलची ही ओढ संशोधकांना उपयोगी पडते. इथेनॉल भरलेली कुपी आणि तिच्याखाली भुंगेरे गोळा होण्यासाठी भांडे, एवढ्या साध्या सापळ्यावर या भुंगेऱ्यांचे बहुतेक सर्वेक्षण चालते; ही ओढ इतकी तीव्र असते, की भारतात आणलेल्या बिअरच्या पिंपांना भोके पाडणाऱ्या भुंगेऱ्यावर डब्ल्यू. एफ. एच. ब्लँडफर्ड यांना १८९३ साली स्वतंत्र अहवाल लिहावा लागला होता. मात्र सापळ्याने दाखवलेली विविधता पूर्ण मानू नये. बुरशी पिकवणाऱ्या जाती त्यात भरपूर येतात, तर सालीत, बियांत किंवा पानांच्या देठांत राहणाऱ्या कित्येक जाती त्याच्याकडे फिरकत नाहीत. त्या शोधण्यासाठी फांद्या चिराव्या लागतात आणि बिया फोडाव्या लागतात. सी. एफ. सी. बीसन यांनी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आणि एफ. जी. ब्राउन यांनी मलायात हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले, म्हणूनच भारतातील वनकीटकांवरचा बीसन यांचा १९४१ चा ग्रंथ आणि मलायातील भुंगेऱ्यांवरचा ब्राउन यांचा १९६१ चा ग्रंथ आजही संशोधकांना उघडावे लागतात.

महाराष्ट्रात आंबोली-महाबळेश्वरची सदाहरित जंगले, मेळघाट-ताडोब्याची सागवानी पानझडी जंगले, कोकणातील आंबा-काजू-सुपारीच्या बागा, खाड्यांवरची कांदळवने आणि माणदेशातील डाळिंबाची शेते हे सगळे अधिवास एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत, त्यामुळे रान आणि मळा यांतील भुंगेऱ्यांची तुलना करण्यास याहून सोयीची भूमी क्वचितच मिळेल. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला खिडक्या कापून तळाशी हात निर्जंतुक करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव्य ओतायचे आणि ती झाडाला टांगायची, असा सापळा सर्वसामान्य नागरिकांसाठी तयार केला आहे. कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तो एका दुपारी बनवता येईल. शिक्षकांनी असे सापळे बागेत आणि जवळच्या देवराईत एकाच वेळी, वर्षभर लावून पाहावेत आणि सापडलेले भुंगेरे अल्कोहोलमध्ये जपून तज्ज्ञांकडे पाठवावेत. बागायतदारांनी छाटलेल्या व किडलेल्या फांद्या बांधावर साठवून ठेवू नयेत, तर जंगलातले पडलेले लाकूड मात्र कोणी साफ करायला जाऊ नये, कारण रानातल्या भुंगेऱ्यांचे घर तेच आहे.